खापरावर कोण होतं

सुचिताने दोन्ही कोपरं उचलली, पुरण भरलेली पारी उजव्या मनगटावरून डाव्या मनगटावर टाकली आणि श्वास धरला. पारी फिरली, पसरली. बशीएवढी होती ती ताटलीएवढी झाली, मग ताटाएवढी. कोपरापर्यंत पोचायला चार बोटं उरली असताना मधोमध भोक पडलं आणि पुरण तिच्या पायावर सांडलं.

"काही होत नाही, माय," सोजराबाई म्हणाल्या. "फाटली त फाटू दे. मांडा ओढाचा नसते. तो त्याच्या वजनानं मोठा होते. आपन त्याले फक्त पडू द्याचं नाही. घे दुसरी."

दारात बसून अनुपमा पातळ कापडातून पीठ गाळत होती. सासूच्या तोंडून 'काही होत नाही' हे शब्द तिने या घरात आल्यापासून ऐकले नव्हते. मागच्या आठवड्यात तिच्या हातून पिठाची परात कलंडली, तेव्हा याच सोजराबाईंनी शेजारच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात विचारलं होतं, "डोये कोठी गहान ठेवले वं?"

तिने कापड जोरात झटकलं. पिठाचा ढग उठला.

"अनुपमे, पीठ गायून राह्यली का उधळून राह्यली?" सोजराबाईंनी मान न वळवता विचारलं.

मोताळ्यात आणि आसपासच्या खेड्यांत मांडे म्हटलं की सोजराबाईंचं नाव निघे. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर आणि त्यावर नुसत्या हातांनी पसरलेला, पदरासारखा पातळ, पुरणाचा मांडा. लाटणं फक्त सुरुवातीला लागतं. पुढचं सगळं मनगटांचं काम. मोठ्या घरची पंगत उठली की बायका हात धुता धुता विचारत, "खापरावर कोन होतं वं?" जे नाव सांगितलं जाई, त्या नावाला पुढचं बोलावणं येई. डाळ कोणी शिजवली, पुरण कोणी वाटलं, पीठ कोणी गाळलं, हे कोणी विचारत नसे.

अनुपमा आठ वर्षं डाळ शिजवत होती, पुरण वाटत होती आणि पीठ गाळत होती. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिने खापरावर बसू का म्हणून विचारलं, तेव्हा सासू म्हणाली होती, "तुह्या हातात घाई हाय. थांब जराशीक." ती थांबली. धुणं वाळत घालताना आजूबाजूला कोणी नाही असं पाहून ती नवऱ्याचा ओला रुमाल मनगटांवर फिरवून बघायची. रुमाल पडेनासा झाला, मग तिने टॉवेल घेतला. तोही पडेनासा झाला. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्याला, शालिग्रामलासुद्धा नाही.

गेल्या हिवाळ्यात सोजराबाईंचा उजवा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. आता खापर सुनेकडे येणार हे गल्लीतल्या बायकाही धरून चालल्या होत्या. त्याच सुमारास सुचिता आली.

सुचिता सोजराबाईंच्या भावाची मुलगी. बाप गेल्यावर ओळखीच्याच एका बाईने तिला चांगलं स्थळ आहे म्हणून रेल्वेने दूर नेलं. तिथे हार घालून लग्न लागलं आणि मग कळलं की लग्न लावणाऱ्यांनी पैसे घेतले आहेत. एका घरातून तिला दुसऱ्या घरात दिलं. कामाला, आणि सगळ्यालाच. तीन वर्षांनी पोलीस आणि बुलढाण्याच्या एका संस्थेची माणसं तिला परत घेऊन आली. भाऊ कुलदीप तिला दोन दिवसांतच आत्याकडे सोडून गेला. "माह्या दोन पोरी लग्नाच्या व्हाच्या हायेत, आत्या," एवढंच तो बोलला आणि चहा न घेता निघाला.

संस्थेच्या पुष्पांजलीताईंनी तिला शिवणवर्गात घातलं. आठवडाभरात ती परत आली. पंखा लावायचा म्हणून तिथे दार लोटून घेत, आणि दार लोटलं की तिच्या पायाखालची मशीन थांबायची. मग ती आत्याच्या अंगणातल्या उघड्या चुलीजवळ बसू लागली. पुष्पांजलीताई येऊन पाहून गेल्या. "काम कोणतंही चालेल," त्या म्हणाल्या. "पण ते हिच्या नावावर यायला पाहिजे. कोणाच्या मागं उभं राहून नको."

हे ऐकताना अनुपमा त्यांच्यासाठी चहा गाळत होती. कोणाच्या मागं उभं राहणं म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अधिक महिना लागला. लग्नं थांबली आणि घरोघर जावयांना धोंड्याच्या जेवणाची बोलावणी सुरू झाली. त्यांतलं सगळ्यांत मोठं बोलावणं नारायणरावांच्या घरचं होतं. नांदुऱ्याच्या रस्त्यावरचं त्यांचं गाव, तीस एकर शेती, धाकट्या मुलीचा नवा जावई आणि त्याच्याबरोबर येणारे पाहुणे. सोजराबाईंनी रात्रीच्या भाकरी थापता थापता सांगून टाकलं,

"नारायनरावाच्या घरी खापरावर सुचिता बसन. पुरनाचं तू पाय, अनुपमे."

अनुपमाचा हात ताटलीवर थांबला.

"तिचा अजून दहातला एक मांडा फाटते, आई."

"माह्या हातचा बी फाटे."

"मंग मी..."

"तू हायेस न," सोजराबाई म्हणाल्या, जणू त्यात सगळं आलं.

शालिग्राम खाली मान घालून जेवत राहिला. सुचिता पाण्याचा तांब्या घेऊन आत येत होती, ती दारातच थबकली आणि मग हळूच मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी अनुपमा गव्हाचा डबा घेऊन जानरावच्या चक्कीवर गेली. तिथे विमलबाई रांगेत होत्या. त्यांचं माहेर नारायणरावांच्याच गावचं.

"तुमच्या घरची ते पोरगी मोठी गुनाची दिसते वं," विमलबाई म्हणाल्या. "परवा पाह्यलं म्या, काय मांडा फिरोते! पन हातावर नाव कोनाचं गोंदलं हाय तिच्या? आपल्याकडचं नाही वाटत."

सुचिताच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपराकडे हिरव्या अक्षरांत एक नाव होतं. ती एरवी लांब बाह्या घाले. मांडा करताना मात्र बाह्या वर सारल्याशिवाय गत्यंतर नसे.

"ज्यानं इकत घेतलं त्याचं," अनुपमा म्हणाली.

चक्कीचा आवाज चालू होता. क्षणभर तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पण डब्याचं झाकण लावणारा विमलबाईंचा हात तसाच राहिला होता.

"इकत?"

"जाऊ द्या न, काकू. माहं काही म्हननं नाही."

परत येताना डोक्यावर पिठाचा डबा असूनही तिला हलकं वाटत होतं. बसस्थानकाच्या कोपऱ्यापर्यंत वाटलं. तिथून पुढे डबा जड होऊ लागला.

जेवणाच्या आदल्या दिवशी दोघी अंगणात डाळ निवडत बसल्या होत्या. सुचिता सहसा आपणहून बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"वहिनी, बसस्थानकामागं एक खोली पाह्यली मी. पुष्पांजलीताई म्हनल्या, बोलावनी येऊ लागली की घेऊन टाक."

"काऊन? इथं काय काटे टोचून राह्यले?"

"तसं नाही. लहान हाय खोली. पत्र्याची हाय. पन दाराले कडी हाय, वहिनी. आतून."

"आतूनच असते कडी. मंग काय भायेरून राहीन?"

सुचिताने डाळीतला एक खडा उचलून लांब टाकला. अनुपमाला आपलं वाक्य परत घ्यावंसं वाटलं, पण ते कसं घ्यायचं ते कळेना. ती डाळीचं सूप घेऊन उठली आणि उगीचच दोनदा पाखडून आली.

नारायणरावांच्या परसात तीन चुली मांडल्या होत्या. सोजराबाईंनी जुन्या गोधडीत गुंडाळून आणलेलं खापर स्वतः उतरवलं, चुलीवर पालथं घातलं आणि त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. थेंब अजून नाचत नव्हते. सुचिता पाटावर बसली. तिने बाह्या कोपरापर्यंत सारल्या. तिच्या बांगड्या घरीच काढून ठेवलेल्या होत्या.

नारायणरावांच्या पत्नी अंबूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी चहा सगळ्यांना दिला, सुचितालाही दिला. देताना त्यांची नजर तिच्या हातावर गेली आणि तिथेच राहिली. मग त्यांनी सोजराबाईंना जरा बाजूला, कडब्याच्या गंजीकडे नेलं. बोलणं हळू होतं, तरी चुलीपर्यंत येत होतं.

"मले काही नाही वाटत, सोजराबाई. पोरीचा काय दोष? पन जावयाचं पयलं धोंड्याचं जेवन हाय. देवाधर्माचा महिना. घरात दहा बाया आल्या, त्यातल्या दोघींनी सकायीच विचारलं मले."

"काय विचारलं?"

"आता म्याच बोलू का? चक्कीवरून जे आलं, तेच सांगून राह्यली मी. तुमची सून हाय की. तिले बसवा. तिच्या हातचं मी कायले नाही म्हनीन?"

सोजराबाई परत आल्या तेव्हा त्यांनी अनुपमाकडे पाहिलं नाही. खालच्या लाकडांकडे पाहिलं, एक लाकूड मागे ओढलं. चक्कीवर दळण घेऊन कोण जातं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर अनुपमाला बरं वाटलं असतं.

सुचिताने कोणी सांगायची वाट पाहिली नाही. तिने बाह्या खाली ओढल्या, मनगटावरची बटणं लावली आणि पाटावरून उठून पुरणाच्या पातेल्यापाशी जाऊन बसली.

"बसा, वहिनी," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता.

अनुपमा बसली.

पहिली पारी हातावर घेताना तिचे तळवे ओले झाले होते. पण मनगटांना काम माहीत होतं. पारी फिरली, पसरली, कोपरापर्यंत आली. तिने ती खापरावर टाकली तेव्हा कड कुठेही दुमडली नाही. मांडा फुगला, त्यावर तांबूस ठिपके उमटले. तिने तो उलटला, चौकोनी घडी घातली आणि टोपलीतल्या धोतरावर ठेवला. दुसरा त्याहून पातळ आला. परसात आलेल्या दोन पाहुण्या बायका चालता चालता थांबल्या.

"अगं माय, पाय कसा! कागद हाय का काय!"

"सोजराबाईची सून हाय ते. घरचीच कला."

सोजराबाई तुपाची वाटी घेऊन बाजूला बसल्या होत्या. तिसरा मांडा खापरावर पडला तेव्हा त्या म्हणाल्या, "चांगला आला."

अनुपमाने मान खाली घातली. चुलीच्या धगीने चेहरा तापला होताच, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. तिला हसू येत होतं आणि ते दाबता येत नव्हतं. रात्री शालिग्रामला काय सांगायचं, कसं सांगायचं, हे ती मनात जुळवू लागली. पुढच्या वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, कोणकोणत्या घरची बोलावणी येतील, तेही तिने मोजून टाकलं.

आत पंगत बसली. उदबत्तीचा वास परसापर्यंत आला. जावयाच्या पायावर पाणी घालून झालं, आमरसाच्या वाट्या गेल्या. "मांडा आना, गरम आना," अशी हाक आली आणि काम जोरात सुरू झालं. सुचिता पारी भरून तळहातावर पुढे करी, अनुपमा न बघता उचले. पारी नेमकी हवी तिथे, हवी तेव्हा मिळत होती. दोघींना एकमेकींकडे पाहायची गरज पडत नव्हती.

एकदा मात्र पारी यायला क्षणभर उशीर झाला म्हणून अनुपमाने वळून पाहिलं.

सुचिता तिच्या हातांकडे बघत होती. खापराकडे नाही, मांड्याकडे नाही, हातांकडे. ओठ किंचित उघडे होते. आणि लांब, बटणं लावलेल्या बाह्यांच्या आत तिची स्वतःची मनगटं फिरत होती. जरा उजवीकडे, जरा डावीकडे. मांडीवर ठेवलेल्या हातांनी, कोणाला दिसू नये अशी, ती अनुपमाबरोबर मांडा फिरवत होती.

अनुपमाने मान वळवली. तिने हातातला मांडा खापरावर टाकला. त्याची एक कड दुमडली.

"वहिनी, पारी," सुचिता म्हणाली.

अनुपमाने पारी घेतली नाही. ती खापराकडे पाहत राहिली. मांड्याखालून वाफ निघू लागली होती. मग तिने एकदम हात मागे खेचला आणि ओरडली,

"आई वं! भाजलं!"

मूठ पोटाशी धरून ती पाटावरून उठली. खापरावरचा मांडा करपायला लागला. सुचिताने पुढे वाकून तो उलटला, मग आपण काय केलं हे लक्षात येऊन हात मागे घेतला.

अंबूबाई धावत आल्या. "काय झालं वं? आता कसं? जावई अजून पयल्याच मांड्यावर हायेत!"

"हात ठेवल्या गेला खापरावर," अनुपमा म्हणाली.

"सोजराबाई, तुम्ही बसता का?"

"माहा हात वर कोठी जाते, बाई," सोजराबाई म्हणाल्या. "तुमाले माहीत हाय."

आतून पुन्हा हाक आली. अंबूबाईंनी एकदा घराकडे पाहिलं, एकदा चुलीकडे पाहिलं. टोपलीत दोनच मांडे उरले होते.

"उरका मंग," त्या म्हणाल्या आणि टोपली उचलून आत गेल्या.

सुचिता पाटावर बसली. बटणं काढायला तिला जरा वेळ लागला. मग बाह्या वर गेल्या, कोपरं उचलली गेली, आणि मांडा तिच्या हातांवर उतरला. उन्हाची तिरीप त्यातून आरपार येत होती. मांड्याखाली हिरवी अक्षरं क्षणभर दिसली, मग पीठ सांडून झाकली गेली. मांडा फाटला नाही. खापरावर पडला तेव्हा त्याची कड काठाच्याही खाली लोंबली.

अनुपमाचा एवढा मोठा झाला नव्हता. तिने ते नीट पाहिलं. मघाशी थांबलेल्या पाहुण्या बायका पुन्हा थांबल्या होत्या. यावेळी त्या काही बोलल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत.

सोजराबाईंनी सुनेच्या दंडाला धरून तिला रांजणापाशी नेलं. "दाखव," त्या म्हणाल्या.

अनुपमाने मूठ उघडली. तळव्यावर पीठ होतं, तूप होतं. लाल डाग नव्हता, फोड नव्हता. सोजराबाईंनी तो तळवा उजेडाकडे वळवला. बोटं एकेक करून पाहिली. आपल्या पदराच्या टोकाने पीठ पुसलं आणि पुन्हा पाहिलं. मग त्यांनी पदर पाण्यात भिजवून त्या धडधाकट हाताभोवती गुंडाळला आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून तशाच उभ्या राहिल्या.

"आई, त्या दिवशी चक्कीवर..." अनुपमा म्हणाली.

"चूप राय."

पंगती उठल्या. बायका हात धुवायला परसात आल्या. अंबूबाईंचा चेहरा सैल झाला होता. जावयाने पाच मांडे खाल्ले होते. जाता जाता एकीने विचारलं, "खापरावर कोन होतं वं?" अंबूबाई जरा घुटमळल्या.

"दोघी होत्या," त्या म्हणाल्या.

मग त्या रांजणाकडे आल्या आणि अनुपमाशीच बोलल्या. "परवा नांदुऱ्याले माह्या भावाच्या घरी जावई येऊन राह्यले. त्याच्या पुढच्या आठवड्यात माह्या बयनीच्या घरी. मी तुहं नाव सांगतो, बाई. तुह्या हातचा पयला मांडा म्या पाह्यला. येशीन न?"

अनुपमाने तोंड उघडलं. पण सोजराबाई आधी बोलल्या.

"तिच्यानं नाही होत आता. हात पार भाजला तिचा. हा महिना त काही खापरावर बसत नाही ते."

अनुपमाने सासूकडे वळून पाहिलं. हा महिना. फक्त आजची पंगत नाही. भावाचं घर नाही, बहिणीचं घर नाही, महिना. सोजराबाईंचा चेहरा शांत होता.

"सुचिता येईन," त्या म्हणाल्या. "तिच्याच नावानं बोलावजा."

अंबूबाईंनी चुलीकडे पाहिलं. सुचिता पाण्याचा हबका मारून लाकडं विझवत होती, बाह्या अजून वरच होत्या. मग अंबूबाई अनुपमाकडे वळल्या.

"एवढं भाजलं का वं? पाहू दे मले."

सोजराबाईंनी पदर सोडवून घेतला आणि हात मोकळा केला. तो आता अनुपमाचा अनुपमाकडे होता. बोटं ओली होती, वारा लागून गार पडली होती. ती उघडली असती तर सगळं दिसलं असतं.

चुलीतून धूर आला. सुचिता खोकली.

अनुपमाने मूठ आवळली आणि छातीशी धरली.

"नोका पाहू, काकू," ती म्हणाली. "फोड आला हाय."